वेल्श मंडळाची घोडी

जर्मनीत माझ्या वाट्याला हिवाळा आला. उन्हाळा विहीणबाईंचा. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, घरात दोन मुलं, आणि व्हिसा एका वेळी तीन महिन्यांचाच मिळतो, म्हणून त्यांनी आम्हा दोघींच्या पाळ्या लावल्या होत्या. विहीणबाईंना दमा आहे, थंडी सोसत नाही, असं मला सांगण्यात आलं. मला सोसते का हे कुणी विचारलं नाही. सोसत होती, म्हणून मीही बोलले नाही. डिसेंबरच्या मध्यावर यायचं आणि मार्चमध्ये परतायचं, असं मी ओळीनं काही वर्षं केलं. तिथल्या झाडांना पानं येतात हे मी फोटोत पाहिलं आहे.

मुलगा वाल्डॉर्फच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. राहायला जवळच्याच एका लहान गावात, तीन मजली इमारतीत. आम्ही मधल्या मजल्यावर. आमच्या खाली एक म्हातारी बाई एकटीच राहायची. ती जर्मन नव्हे, वेल्सची, हे मला नंतर कळलं. वेल्स म्हणून काही देश आहे हेही तेव्हाच कळलं. मी चौथी शिकले आहे. आमच्या भूगोलात तालुका आणि जिल्हा होता, वेल्स नव्हता.

ओळख जिन्यावर झाली. त्या इमारतीत जिना पुसायची पाळी असते. एक आठवडा एका घराची, दुसरा दुसऱ्याची. आमची पाळी आली तेव्हा सुनेला वेळ नव्हता, म्हणून मी बादली भरली आणि आपल्याकडे अंगण धुतात तसं वरून पाणी ओतून खराट्यानं खाली लोटलं. पाणी जिन्यावरून उतरलं आणि बाईच्या दाराखालून तिच्या घरात गेलं. ती बाहेर आली. कमरेवर हात ठेवून आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या. दोघीही ओरडत होतो, पण खराटा दोघींनी धरला. पाणी काढून झाल्यावर तिनं मला आत नेलं आणि चहा दिला. कडक, लालसर, दूध घातलेला. जर्मन लोक गरम पाण्यात पाला बुडवून त्याला चहा म्हणतात. इथे प्रथमच चहा मिळाला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मैत्री वगैरे म्हणायची असेल तर म्हणा, मी चहाला जात होते.

नातवंडं मला आजी म्हणतात ते तिनं ऐकलं. तिला वाटलं हेच माझं नाव. तीही आजी म्हणू लागली. माझ्याहून ती सहा-सात वर्षांनी मोठी, पण मी काही दुरुस्ती केली नाही. आम्ही बोलायचो जर्मनमध्ये. तिनं ते लग्न करून आल्यावर शिकलेलं, मी तिच्याकडून शिकले. सून हसायची. म्हणायची, "अहो आई, तुमचं जर्मन वेल्श लोकांसारखं आहे. बेकरीतली बाई विचारत होती." असेना. मला ब्रेड मिळत होता.

बाईचा नवरा जर्मन, वारून बरीच वर्षं झालेली. मुलं दोन, दूरच्या शहरांत. ती त्यांच्याशी लहानपणी वेल्शमध्ये बोलायची आणि मुलं जर्मनमध्ये उत्तर द्यायची. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. वर आमच्या घरातही रोज तेच चालायचं. तिच्या आजीच्या वेळी शाळेत वेल्श बोललं की पोराच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "आजीनं ती फळी चुलीत घातली होती. मग शाळेनं दुसरी आणली."

त्या भागात या लोकांचं एक मंडळ होतं. महिन्यातल्या एका गुरुवारी ते गावाच्या समाजमंदिरासारख्या इमारतीत, ज्याला तिथे बुर्गरहाउस म्हणतात, वरच्या खोलीत जमायचे. बाई अध्यक्ष होती. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं आणि नेण्याची वस्तू जड. बिनकडांचा लोखंडी तवा, आपल्या भाकरीच्या तव्याच्या दुप्पट जाड. त्यावर ती बेदाणे घातलेल्या चपट्या गोड टिकिया भाजायची. तवा उचलायला म्हणून मी गेले. पहिल्या वर्षी तवा उचलणारी होते, दुसऱ्या वर्षी सभासद झाले. सभासद कमी पडत होते आणि मी बसलेलीच असायचे.

त्या टिकियांत डुकराची चरबी असते हे मला तिसऱ्या हिवाळ्यात कळलं. तिला वाईट वाटलं, मला नाही. खाऊन झालेलं होतं. पुढे ती माझ्यासाठी वेगळ्या, लोण्यातल्या करू लागली. त्या तितक्या चांगल्या लागत नाहीत.

मुलाला हे विचित्र वाटायचं. "अगं आई, आपल्या लोकांचं मंडळ आहे की हायडेलबर्गला. तिथे ये. मराठी बोलायला मिळेल."

"तिथे गेले होते. सगळ्या जणी पुण्यातले फ्लॅट सांगतात."

"आणि वेल्श लोक काय सांगतात?"

"मला कळत नाही. म्हणून बरं वाटतं."

खरं तर थोडं कळायचं. मंडळात तीन-चार लोक वेल्सचे आणि बाकी जर्मन. कुणी तिकडच्या बाईशी लग्न केलेलं, कुणाला तिकडची गाणी आवडलेली. ते गाणी म्हणायचे, चांगली म्हणायचे. छापलेला कागद हातात धरून म्हणायचे, पण अर्थ बहुतेकांना येत नव्हता. मार्चच्या पहिल्या तारखेला त्यांच्या संताचा दिवस असे. त्या दिवशी छातीला पिवळं फूल टाचायचं आणि लीकचं सूप प्यायचं. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. मंडळाचं दोन पानी बातमीपत्र निघायचं. कुणाचा गुडघा बदलला, कुणाकडे नातू झाला, पुढची तालीम कधी. ते सेक्रेटरी काढायचा.

सेक्रेटरी जर्मन होता. उंच, मोठ्या पांढऱ्या मिशा, निवृत्त इंजिनियर. तरुणपणी कुठल्याशा खाणीत यंत्र बसवायला वेल्सला गेला, तिथे भाषा शिकला आणि परत आल्यावरही शिकतच राहिला. पुस्तकांतून शिकला. म्हणून बाई वेल्शमध्ये काही बोलली की तो ते दुरुस्त करायचा. एकदा ती चिडून जर्मनमध्ये म्हणाली, म्हणजे सगळ्यांना कळावं, "माझ्या आईनं मला असंच शिकवलं."

तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्या आईचं चुकत होतं."

पुढच्या दोन बैठकांत ती त्याच्याशी बोलली नाही. टिकिया मात्र देत होती, तव्यावरूनच, ताटली न घेता.

मंडळाच्या खोलीच्या किल्ल्या त्याच्याकडे. टॅक्सच्या कचेरीचे कागद त्याच्याकडे. खुर्च्या लावायच्या त्यानं, उचलायच्या त्यानं. आणि घोडीही त्यानंच चालवायची.

घोडी म्हणजे काय ते सांगते. वेल्समध्ये जानेवारीत दारोदार एक घोडी नेतात. खऱ्या घोड्याची कवटी, डोळ्यांच्या जागी बाटलीची बुडं, मानेला रंगीत फिती, खाली पांढरी चादर आणि चादरीत माणूस. कवटीच्या जबड्याला दोरी बांधलेली असते, ती ओढली की दात वाजतात. या करड्या घोडीला घेऊन लोक दाराशी उभे राहतात आणि गाण्यात म्हणतात, आम्हाला आत घ्या. आतले गाण्यातच उत्तर देतात, तुम्हाला का घ्यावं? मग एकमेकांची उणीदुणी काढतात. तुमची बिअर पातळ, तुमचा आवाज फाटका, असं. ज्यांची कडवी आधी संपतील ते हरले. मग दार उघडतं, घोडी आत येते, लोकांच्या अंगावर दात वाजवत फिरते, खाणंपिणं होतं आणि त्या घराला वर्ष चांगलं जातं.

मंडळाची कवटी वर्षभर आमच्या इमारतीच्या तळघरात, बाईच्या जाळीच्या खोलीत पेटीत असायची. सुनेला हे समजल्यावर तिनं बटाटे आणायला तळघरात जाणं सोडलं. मी जायची. मेलेलं जनावर चावत नाही.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी गावानं बुर्गरहाउस दुरुस्तीला काढायचं ठरवलं. दुरुस्तीनंतर लहान मंडळांना खोली मिळेलच असं नव्हतं. सेक्रेटरीनं प्रस्ताव मांडला की आपलं मंडळ बंद करून हायडेलबर्गच्या मोठ्या ब्रिटिश मंडळात सामील व्हावं. त्यांच्याकडे हॉल आहे, तरुण माणसं आहेत. मत फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत घ्यायचं.

त्याचं म्हणणं खरं होतं. आम्ही कितीसे होतो! त्यातली मी वर्षातले तीन महिने.

पण बाईला ते लागलं. त्या संध्याकाळी घरी येताना ती रस्त्यात थांबली. मी तवा खाली ठेवला.

"हायडेलबर्गला सभा संध्याकाळी असते," ती म्हणाली. "या खुब्यानं मी बसनं जाणार कशी आणि येणार कशी?"

"कुणी गाडीनं नेईल."

"नेईल. पण तिथे सगळे इंग्रजीत बोलतात, आजी. इंग्लंडचे लोक असतात, त्यांच्यासमोर इंग्रजीतच बोलावं लागतं. महिन्यातून एकदा मी वेल्श बोलते. ते गेलं की मग मी ती फक्त झोपेत बोलणार."

मला तिची कीव वाटली नाही, राग आला. एवढ्या वर्षांच्या अध्यक्षीण बाईनं एक खोली सोडून द्यायची म्हणजे काय! मी म्हटलं, "मग अडव की त्याला."

"लोक काय करतात बघू," ती म्हणाली. ती तशीच होती. अध्यक्ष असून गर्दीच्या मागे उभी राहणारी.

त्यानंतर आठवड्याभरात घोडीचा दिवस आला. पूर्वी घोडी चार-पाच घरी जायची म्हणे. त्या वर्षी एकाच घरी, बाईच्या. बाहेरून सेक्रेटरी घोडीच्या आत, एक गिटारवाला आणि दोन-तीन माणसं गाणारी. आतून बाई आणि तिची एक जर्मन मैत्रीण, जिचा आवाज चांगला होता. मैत्रिणीचा सकाळी फोन आला, ताप आहे. म्हणून बाईच्या मदतीला मी.

संध्याकाळचे पाच वाजले होते, पण काळोख होता. घोडी इमारतीच्या मोठ्या दाराशी आली. त्या दाराला काच होती, बाहेरचा दिवा लागलेला, सगळं दिसत होतं. आत जिन्यावर मुलगा, सून आणि नातवंडं बसली. तिसऱ्या मजल्यावरचे जर्मन नवरा-बायकोही आले, नाराज चेहऱ्यानं, पण खुर्च्या घेऊन.

बाहेरच्यांनी पहिलं कडवं म्हटलं. बाईनं उत्तर दिलं. तिला चार दिवस खोकला होता. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला तिचा आवाज बसला आणि खोकल्याची उबळ आली. तिनं मला कोपर मारलं. "आजी, तू म्हण. काहीही म्हण."

आता माझी बाजू ऐका. त्या खेळात शेवटी आतल्यांनी हरायचंच असतं, मुद्दाम, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी सांगत नाही. मला माहीत होतं ते आमच्या गावचं. लग्न लागून नवरानवरी घरी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते. उखाणे होतात, थट्टा होते आणि भावाकडून कबूल करून घेतल्याशिवाय ती बाजूला होत नाही. मला चार भाऊ. चारही वेळा दार मीच अडवलं. धाकट्याला इतका वेळ उंबऱ्यावर ठेवला की शेवटी आईनं आतून मला शिव्या घातल्या. दार अडवायचं ते काहीतरी मिळवण्यासाठी, हे माझ्या हाडात आहे.

मी पदर खोचला आणि काचेतून घोडीकडे बघून म्हटलं:

"दारात आली घोडी, तिला नाही पोट,
लाडू कुठं घालशील, दाखव आधी ओठ!"

जिन्यावर मुलगा मोठ्यानं हसला. बाहेरच्यांना काही कळलं नाही, पण उत्तर द्यायचं म्हणून त्यांनी कागदावरचं पुढचं कडवं म्हटलं. मी थांबले आणि मग:

"चादर घेतली अंगावर म्हणून होत नाहीस बाई,
खालून दिसते मिशी तुझी, कसली रे ही घाई!"

सून फोनवर चित्रण करत होती, तिचा हात हलायला लागला. मुलानं ओरडून जर्मनमध्ये अर्थ सांगितला. खुर्चीवरचा शेजारीही हसला, त्याला हसताना मी त्या वर्षांत तेवढंच पाहिलं. बाहेर कागद उलटसुलट झाले. आणखी एक कडवं आलं. मी म्हटलं:

"काचेचे डोळे तुझे, फितींची आयाळ,
आत ये म्हणायला मी नाही मवाळ!"

त्यांचे कागद संपले. त्यांनी पुन्हा पहिलं कडवं सुरू केलं.

"हे मघाशीच झालं!" मी जर्मनमध्ये ओरडले.

घोडीच्या आतून सेक्रेटरीचा आवाज आला. "फ्राऊ आजी, आता दार उघडायचं असतं."

"हरलात का?"

"हो, हो, हरलो." जबड्याची दोरी त्याच्या हातात होती, त्यामुळे तो बोलला की कवटीचे दात वाजायचे.

"मग काय देता?"

"केक?" घोडी म्हणाली.

"केक आमच्याकडे आहे. मंडळ इथेच राहील, असं कबूल करा. मग उघडते."

बाईनं माझा दंड धरला, पण तिच्या घशातून शब्द निघेना.

"ते मी कसं कबूल करू?" घोडीचे दात वाजले. "ते सभेनं ठरवायचं असतं. नियमात तसं आहे."

"नुसतं हो म्हणा!" गिटारवाला त्याला म्हणाला. "माझी बोटं गोठली."

"खोटं कसं म्हणू? इतके लोक ऐकतायत. मला अधिकारच नाही."

मी म्हटलं, "मग राहा उभे."

आणि ते राहिले. तो माणूस एक शब्द बोलला असता तर सुटला असता. थट्टेत दिलेल्या शब्दाला कोण धरतं? पण तो बोलेना आणि मी हलेना. मला अजून वाटतं की आणखी थोडा वेळ मिळाला असता तर तो म्हणाला असता.

बाई काचेला नाक लावून बघत होती. मग तिनं मला खांद्यानं बाजूला ढकललं आणि दार उघडलं. एवढा जोर तिच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

"घोडीला परत पाठवायचं नसतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि तो पडेल."

"तुझ्यासाठीच उभी होते मी."

"मला असं नको."

घोडी आत आली, पण कुणाच्या अंगावर गेली नाही. थेट बाईच्या स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसली. गिटारवाल्यानं चादर काढली. सेक्रेटरीचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि मिशा घामानं ओल्या. बाहेर बर्फ आणि त्याला घाम. त्यानं कवटी टेबलावर टिकियांच्या ताटाशेजारी ठेवली. चहाचा कप उचलला तर तो बशीत सांडला. बाईनं त्याच्या हातातून कप घेतला आणि बशीसकट त्याच्या तोंडाशी धरला. काहीतरी विचारलं, वेल्शमध्ये. तो बराच वेळ बोलला, तोही वेल्शमध्ये. बाकीचे खात होते.

सगळे गेल्यावर मी कवटी पुसून पेटीत ठेवत होते तेव्हा तिनं सांगितलं. डॉक्टरनं त्याला गेल्याच वर्षी वजन उचलायला बंदी केली होती. हृदयाचं दुखणं. खुर्च्या नाही, घोडी नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण दुसरं कुणी उचलणार नव्हतं.

"मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "माणूस सारखा चुका काढतो म्हणजे ठणठणीत असणार, असं वाटायचं."

"मग आता?"

"आता काही नाही. पेटीचं झाकण लाव."

सभा फेब्रुवारीत झाली. मीटिंगला कधी नव्हे ते सगळे आले. सेक्रेटरीनं प्रस्ताव वाचला, आधी वेल्शमध्ये, मग जर्मनमध्ये. तब्येतीबद्दल एक अक्षर बोलला नाही. हात वर करायला सांगितले. सामील व्हायच्या बाजूनं जितके हात, विरुद्ध तितकेच. विरुद्धच्या हातांत माझा होता, चांगला उंच केलेला. अध्यक्षानं आधी मत द्यायचं नसतं, बरोबरी झाली तरच द्यायचं, असा त्यांचा नियम. सगळे बाईकडे बघू लागले. मी खाली बसतच होते. झालं काम, असं मला वाटलं.

बाईनं टेबलावरची फुलदाणी थोडी सरकवली. मग प्रस्तावाच्या बाजूनं हात वर केला.

"अगं, काय केलंस!" मी ओरडले. मराठीत. खोलीत एकालाही मराठी येत नव्हतं, तरी सगळे खाली बघू लागले.

सेक्रेटरीनं निकाल लिहून घेतला. त्याचा हात नीट चालत होता.

घरी जाताना तवा मीच उचलला होता, आणि तो मला त्या दिवशी फार जड लागला, रागामुळे. मी म्हटलं, "त्याची दया आली म्हणून सगळं घालवलंस."

"दया नाही. मंडळ राहिलं असतं तर किल्ल्या घेऊन तो आणखी दोन वर्षं आला असता आणि एक दिवस त्या खुर्च्यांत पडला असता." ती दम घ्यायला थांबली. "आपल्याकडे गाणारे बरेच आहेत. वेल्श बोलणारा मला या गावात तो एकच आहे. बाकीचे वेल्सचेही सुट्टीपुरते बोलतात."

"पण तो हायडेलबर्गला जाणार. तुझ्याकडे येईल का?"

"माहीत नाही."

मार्चमध्ये मी परत गेले. मंडळाची पाटी खोलीवरून काढली ती मी असतानाच. बातमीपत्राचा शेवटचा अंक निघाला, त्यात माझेही आभार मानले होते, तव्याबद्दल.

पुढच्या डिसेंबरात आले तर बाई जास्त वाकलेली दिसली आणि बोलताना मध्येच वेल्श शब्द टाकायची ते बंद झालं होतं. चहा तोच. मी विचारलं, "सेक्रेटरी येतो का?"

"नाही."

"तू बोलावलंस?"

"त्याला काय गरज? त्याच्याकडे आता मोठं मंडळ आहे."

एकूण प्रकार माझ्या लक्षात आला. जर्मन माणूस वेळ ठरल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाही. त्या ठरलेल्या वेळेला ते टेर्मिन म्हणतात, आणि टेर्मिन नसेल तर सख्ख्या भावाकडेही जायचे नाहीत. आणि ही बाई, आपण कुणाला भार होऊ नये म्हणून, आपणहून बोलावणार नाही. दोन गल्ल्यांच्या अंतरावर दोघं वर्षभर गप्प बसली होती.

आठवड्यानं दुकानात बटाट्यांपाशी तो मला भेटला. बारीक झाला होता, पण रंग बरा होता. हायडेलबर्गचं विचारलं तर म्हणाला, "तिथे सगळे फार चांगले आहेत. वेल्सवर बोलायला सांगितलं होतं मला. इंग्रजीत." मग बराच वेळ बटाटे निवडत राहिला. एकसारखे बटाटे.

मी म्हटलं, "गुरुवारी चार वाजता. चहा."

त्यानं खिशातून फोन काढला. "या गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

"फ्राऊ आजी, त्यांनी सांगितलंय का?"

"मी सांगतेय ना."

त्यानं फोनमध्ये घातलं आणि मला दाखवलं, बरोबर आहे का ते बघायला. मला वाचता आलं नाही, मी बरोबर आहे म्हटलं.

गुरुवारी चार वाजता बेल वाजली. बाईनं दार उघडलं, त्याला बघितलं, मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलंस?"

"मी बटाटे आणायला गेले होते."

तो टोपी हातात धरून पायपुसण्यावर उभा होता. म्हणाला, "माझं टेर्मिन आहे." तिनं त्याला आत घेतलं.

मी दोघांना चहा ओतला. सुरुवातीला ती वेल्शमध्ये अडखळत होती, वर्षभर बोलली नव्हती. तो थांबून ऐकत होता, एकदाही चूक काढली नाही. आजारी माणसाशी बोलतात तसं चाललं होतं. मला ते आवडलं नाही, तिलाही आवडलं नसावं, कारण दुसऱ्या कपानंतर तिनं काहीतरी मुद्दाम म्हटल्यासारखं म्हटलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं कप खाली ठेवला. एक बोट वर केलं. तिनंही केलं. मग तो तिची आई काढू लागला आणि ती त्याची पुस्तकं. शब्द कळत नव्हते, पण त्या दोन गोष्टी मला आता आवाजावरून ओळखता येतात. टेबलावर हात आपटले गेले. मी ताट उचलून मांडीवर घेतलं.

वरून सुनेचा फोन आला. "अहो आई, खाली सगळं ठीक आहे ना? आवाज येतायत."

"ठीक आहे," मी म्हटलं. "भांडतायत."